दिपिकाच्या दातांवरच्या टिकल्या

१३ जानेवारी १९९७, पेण

आज पाटी लागली. ‘वेडेवाकडे व पुढे आलेले दात तारेने सरळ करून मिळतील. डॉ. कमळाकर म्हात्रे.’ रंगाऱ्याने नेमका ‘सरळ’ हाच शब्द तिरका काढलाय. बोललो तर म्हणतो, “डॉक्टर, वाळला की बसल खाली.” शब्द वाळून खाली बसतो होय रे, गाढवा? पण पाटी खिळ्यांवर चढली होती, गप्प बसलो. मृणाली शाळा सुटल्यावर आली, रस्त्यात उभी राहून वाचलं आणि म्हणाली, “छान. आता तुमचं काम तेवढं सरळ असलं म्हणजे झालं.” सख्ख्या बायकोने पहिल्याच दिवशी असं बोलावं?

इतकी वर्षं दात उपटले, कवळ्या बसवल्या. तार लावायची म्हटली की लोक पनवेल नाहीतर थेट मुंबई गाठतात. म्हणून गेलं वर्षभर रविवार मोडून मुंबईला जाऊन हे शिकलो. आता पेणेत आणि रोह्यात (मंगळवारी आणि शनिवारी मी रोह्याला बसतो) हे काम करणारा मी एकटा. भीती वाटतेय, इथे लिहायला काय हरकत आहे? उपटलेला दात परत येऊन तक्रार करत नाही. ही तार मात्र दर महिन्याला पेशंटसकट येणार आणि माझं काय चुकलं ते मलाच दाखवणार.

२१ जानेवारी, रोहा

श्रीगणेशा झाला. पेशंट बतूल, अहमदभाईंची धाकटी. अहमदभाई म्हणजे माझे इथले घरमालक. खाली त्यांचं किराणा दुकान, वर माझी खोली. ते जिन्यावर उभे राहून ओरडले, “डॉक्टर, पोरगी माझी हाय, पयला प्रयोग सांभालून करा!”

चिमटा दोनदा हातातून पडला. दात घासून स्वच्छ केले, मग प्रत्येकावर ते निळं आम्ल लावलं. धुतलं, हवा मारून वाळवलं. आम्ल लागलेला दात वाळला की खडूसारखा पांढराफटक दिसतो. तो दिसला की समजायचं, आता चिकटवलेलं धरणार. मग डिंक लावून एकेक ब्रॅकेट बसवलं. नखाच्या टवक्याएवढं ते. लाळेचा एक थेंब लागला की सगळं फुकट, म्हणून गालात कापूस कोंबकोंब कोंबला. शेवटी त्या सगळ्यांतून तार ओवली. बतूलने आरशात बघितलं नि म्हणाली, “अब्बा, टिकल्या लावल्यात दातांना!”

सगळ्या टिकल्या जागच्या जागी. येताना यष्टीत मी शीळ घालत होतो म्हणे. शेजारच्या बाईने जागा बदलली.

२७ जानेवारी, पेण

पेणेजवळच्या जोह्याचे काळुराम आले, मुलीला घेऊन. त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. मुलगी दिपिका, वय एकोणीस-वीस. वरचे पुढचे दोन दात बाहेर आलेले, एक दुसऱ्यावर चढलेला. तिला रोह्याचं स्थळ आलंय. मुलगा विशाल, धाटावला केमिकल कंपनीत आहे, कायम नोकरी. मंडळींना मुलगी पसंत, पण मुलाच्या आईने अट घातली आहे: दात सरळ करा, मग साखरपुडा.

काळुराम म्हणाले, “पावसाच्या आत बार उडवायचाय, डॉक्टर. मे महिन्यात मुलाचा मामा येऊन बगनार.”

मी म्हटलं, तोपर्यंत पुढचे दात रांगेत आणतो. दातांचं सगळं काम व्हायला वर्ष-दीड वर्ष लागेल, ते लग्नानंतर होत राहील.

मुलीने मान वर केली. एकदम म्हणाली, “आन् नाय आले रांगंत तर?”

“तर काय, दिवालीनंतर लगीन,” काळुराम म्हणाले.

“म्हंजे गनपती झाल्यावर?”

“व्हय गो, पन तसं नाय व्हनार. डॉक्टर हायेत ना.”

किती काळजी पोरीला! मी पाठीवर थोपटून म्हटलं, घाबरू नकोस, तुझं लग्न लांबू देणार नाही. तिने मान खाली घातली. लाजली असणार.

काळुराम जाताना सांगत होते, अख्ख्या कारखान्यात डोळ्यांची आखणी हीच करते, गिऱ्हाईक हिच्या डोळ्यांसाठी येतं. “पन रोह्याला आता रंगात हात घालायला नको तिला. सासू बोललीच हाय, आमच्याकडं ही कामं नाय. सुखात ऱ्हाईल.”

गालात कापूस कोंबून बसवल्या टिकल्या. फार छान बसल्या.

१० फेब्रुवारी

दिपिकाच्या दोन टिकल्या निघाल्या.

“सुपारी खाल्लीस?” “नाय.” “ऊस?” “नाय.” “मग?” “पापड.” पोह्याचा, भाजलेला. पेणेत राहून मी पोरींना पापड बंद करायला निघालोय, लोक मला गावाबाहेर काढतील. बजावलं, पुन्हा बसवल्या. “अशा निगतात का वो त्या?” म्हणून विचारत होती. म्हटलं, निघत नाहीत, तू काढलीस. म्हणजे पापडाने. तर ती चक्क हसली. पहिल्यांदाच हसताना बघितली तिला.

२४ फेब्रुवारी

तीन निघाल्या! पापड नाही, काही नाही म्हणते.  हवेच्या मशीनमध्ये पाणी शिरलं असेल? आमच्या खाडीच्या हवेत सगळ्याला ओल लागते, मीठसुद्धा डब्यात रडतं. का डिंकच शिळा होता? बाटली टाकून दिली, मुंबईहून नवी मागवली. काळुराम नुसते पाटीकडे बघून गेले. ते मला जास्त लागलं.

बतूलची एकही निघालेली नाही. तिच्या तोंडात लाळ कमी आहे, त्यामुळे असणार.

८ मार्च, रोहा

बातमी रोह्यापर्यंत आली. अहमदभाई काउंटरवरूनच म्हणाले, “काय डॉक्टर, तुमच्या टिकल्या जोह्यात पडतात म्हनं, आन् रोह्यात चिकटतात? रोह्याचं पानीच चांगलं!” दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. वर जाऊन दार लावलं. यापायी इतके रविवार घालवले. मृणालीच्या आईला बरं नसताना ती एकटी गेली माहेरी, मी मुंबईला. ते सगळं एका पोरीच्या दातावरून ओघळून चाललंय.

१७ मार्च

पुन्हा! पण आज एक गंमत सापडली. टिकली निघाली होती पण डिंक दातावर तसाच घट्ट. भिंगाने बघितलं. याचा अर्थ काय? माझं चिकटवणं पक्कं आहे. लाळ लागली असती, दात ओला राहिला असता, तर डिंकासकट सगळं सुटलं असतं. इथे टिकलीच उखडली गेलीय. डिंकाच्या कडेला बारीक तिरपे ओरखडेही आहेत. म्हणजे दोष माझ्या हाताचा नाही! इतका आनंद झाला की काळुरामांना चहा पाजला. ते बिचारे बुचकळ्यात पडले.

घरी मृणालीला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती, मान वर न करता म्हणाली, “तीच काढत असेल.”

“स्वतःच्या लग्नाच्या मुळावर कोण उठेल?”

“विचारून बघा.”

शिक्षकांचं हे असंच. वर्गात काही फुटलं की यांना आधी पोरांचाच संशय.

२६ मार्च, जोहे

सापडलं! मी स्वतः जोह्याला गेलो म्हणून सापडलं.

काळुरामांच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे गणपती, रंग झालेले, पितांबर झालेले, पण डोळे नाहीत. इतक्या चेहऱ्यांसमोर उभं राहायचं आणि बघत कोणीच नाही.  एका कोपऱ्यात पाटावर दिपिका बसली होती. तिने एक मूर्ती गुडघ्यांत घेतली, श्वास रोखला आणि काळी रेघ ओढली. मग दुसरी. बाहुली भरली, वर पांढरा ठिपका दिला. गणपतीने माझ्याकडे बघितलं. खोटं नाही सांगत, मी नकळत हात जोडले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “डॉक्टर, ह्यो अजून गिऱ्हाईकाचा नाय झाला, तवर माझाच.” या पोरीचा आवाज दवाखान्यात कधी एवढा मोकळा ऐकला नव्हता.

आणि तेवढ्यात दिसलं. जाड रेघेचा कुंचला बदलताना तिने तो दातांत आडवा धरला. नंतर बारीक कुंचल्याचं टोक ओठांत घेऊन सारखं केलं, पुन्हा जाडा दातांत. दिवसभर हेच. सगळे आखणीवाले असंच करतात म्हणे, हात दोनच, कुंचले चार. मी ओरडलोच, “हे बघा तुमच्या टिकल्या निघायचं कारण!” काळुरामांनी कपाळावर हात मारून घेतला. तिला शपथ घातली, कुंचला दातांत धरायचा नाही. ती बरं म्हणाली. तिला जरा सुटल्यासारखंच वाटलं असावं, इतकी पटकन म्हणाली.

मृणालीला मुद्दाम सांगितलं, बघ, तुझा संशय. ती म्हणाली, “कुंचल्याने तिरपे ओरखडे पडतात?” हिला ओरखड्यांचं सांगायलाच नको होतं.

१२ एप्रिल, रोहा

दुपारी एक तरुण आला, कंपनीचा खाकी शर्ट, शिफ्ट संपवून थेट. “मी विशाल.” दिपिकाचा तो. दाढ दुखते म्हणाला, पण दाढ निमित्त होती. तोंड उघडलं आणि मी बघतच राहिलो. पुढच्या दातांच्या कडा झिजून काचेसारख्या आरपार झाल्यात. विचारलं तर म्हणतो, टाकीवर काम आहे, वास दिवसभर तोंडात जातो, गार पाणी लागलं की जीव जातो. पंचविशीचा मुलगा. तोंडाला फडकं बांध म्हटलं, टाकीवरून दुसरीकडे काम मिळतं का बघ. तो नुसता हसला. याचे दात कोणी बघायला आलं नाही.

मग चुळबुळ करत म्हणाला, “डॉक्टर, तिला लय त्रास होतो का हो तारांचा?”

“थोडा होतो. तुझ्या आईची अट आहे ना, मग काय करणार?”

“आईचा हट्ट. मना तर तो चढलेला दात तसाच बरा वाटतो. हसली की पयला त्योच दिसतो. मी आईला बोललोपन, पन ती म्हनते उपाय हाय तर करून घेऊ दे.”

भिडस्त मुलगा आहे. माझ्या कामाला बोलतोय असं त्याच्या लक्षात पण आलं नाही. मी म्हटलं, महिनाभर थांब, सरळ दात बघितलेस की हे बोलणं विसरशील.

२१ एप्रिल

कुंचला बंद आणि तरी चार निघाल्या. चार! काळुराम आज बोललेच: “डॉक्टर, तुमाला जमत नसल तं तसं सांगा, आमी पनवेलला नेतो.” बाहेर तीन पेशंट बसले होते, त्यांच्यादेखत. असा संताप आला. स्वतःचाच.

मग ठरवलं, टिकल्या बस्स झाल्या. पुढच्या दातांना कड्याच घातल्या. दाढांना घालतात तशी पत्र्याची कडी, दाताला गच्च आवळून, आत सिमेंट. दिसायला वाईट दिसतात, पण मामा बघायला येईल तेव्हा काढता येतील.

दिपिकाने आरशात बघितलं. बोटाने एक कडी चाचपली. “आता नाय ना निगनार?”

“आता तुझा बाप आला तरी निघणार नाही,” मी म्हटलं. काळुराम पण हसले. ती रडायला लागली. कड्या आवळताना दुखतंच. म्हटलं, दोन दिवस मऊ भात खा, दुखायचं थांबेल.

५ मे

आज काय लिहू.

सकाळी दिपिका एकटीच आली. तोंडाला पदर. ओठ फाटलेला, वरचा पुढचा दात कोपऱ्यातून तुटलेला, कडी अर्धी वाकलेली. मी घाबरलो. पडलीस का, कोणी मारलं का? ती खुर्चीत बसली आणि सरळ म्हणाली, “कोरनी सटकली.”

कोरणी म्हणजे ते मूर्तीच्या घड्या कोरायचं लोखंडी हत्यार.

“सगळ्या तूच काढल्यास?”

“पयल्या दोन पापडानंच निगाल्या. देवाशप्पथ. मंग मना समाजलं, त्या निगतात.”

 महिनोन् महिने मी डिंक बदलतोय, मशीन खोलतोय, रोह्यात हसं करून घेतोय, आणि ही! फाडकन बोलणार होतो, पण तो फाटलेला ओठ दिसला. विचारलं, विशाल आवडत नाही का तुला?

“बरा हाय की. वाईट क्याला सांगू? पन डॉक्टर, रोह्याला गनपतीचा कारखाना हाय का? सासू बोलली, हात रंगवायचे नाय. जूनमदी लगीन झालं तं यंदाचे सगले गनपती डोल्याबिगर ठेवून जायाचं मी. बाबा बोलतात रंगारी आनू. आनतील. त्यो पन डोले काढल. पन ते माझे नाय ना व्हनार.” ती बोलत होती आणि ओठातून रक्त येत होतं, मी कापूस धरून उभा. “तुमी येवरंच सांगा, दात अजून हलत नाय, येल लागल. दिवाली जाऊ द्या.”

“आणि दिवाळीनंतर गं?”

“दिवालीनंतरचं तवा बगू. यंदाचं तरी व्हऊ दे.”

ओठाला औषध लावलं. कडी नीट केली. म्हटलं, घरी सांग, पाटावरून उठताना पडलीस. मी बघतो काय करायचं ते. तिने माझा हात धरला. मला माझीच शरम वाटली. ‘तुझं लग्न लांबू देणार नाही’ म्हणून मीच तिच्या पाठीवर थोपटलं होतं.

७ मे

डोकं चालत नाही. सारखी ती कोरणी दिसते. दातावर ताकदीने दाबलेली, आरशात बघून.

मृणालीला सांगितलं. ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं ती बोलली नाही. फक्त म्हणाली, “तिने जेवढं मागितलंय तेवढंच करा. वेळ लागेल म्हणा. त्याच्यापुढे जाऊ नका.”

पण नुसता वेळ मागून काय होणार? दिवाळी येईलच की. मग पुन्हा कोरणी? दर महिन्याला काळुरामांना नवी थाप मारायची? मला नाही जमणार. करायचंच तर पुरतं करावं. एवढ्या देखण्या हाताची मुलगी सासूच्या चुलीपुढे बसवायची आणि ते माझ्या तारेने? नाही म्हणजे नाही. मामा येऊ देत.

११ मे, जोहे

झालं. केलं मी.

विशालचे मामा गुणाजी आले होते, पांढरी टोपी, हातात पिशवीभर आंबे. विशालची शिफ्ट होती, तो नव्हता. दिपिकाला तोंड उघडायला लावलं, मामांनी वाकून बघितलं, तुटलेला दात बघून भुवया वर. “काय वो डॉक्टर, ह्ये तं होतं त्याच्याहून इस्कटलं.”

मी पुढे झालो. “मामा, खरं सांगतो. हे दात सरळ होणार नाहीत. माझ्याच्याने नाहीत आणि कुणाच्याच्याने नाहीत. पनवेलला न्या, मुंबईला न्या. हाडाची ठेवणच तशी आहे. मला हे आधी कळायला हवं होतं, नाही कळलं. माझी चूक.”

काळुरामांचा चेहरा बघवेना. “तुमी तं बोलला व्हतात, मेपत्तूर...”

“चुकलो.”

“म्हंजी पोरगी अशीच ऱ्हानार?” गुणाजी.

“अशीच.”

दाराआड दिपिका उभी होती. ती जोरजोरात मान हलवत होती, नाही नाही अशी. पोरीला भरून आलं असणार, माझ्यासारख्याने तिच्यापायी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यावं म्हणून. मी तिला डोळ्यांनीच धीर दिला. गुणाजी आंबे ठेवून उठले, “पावन्यांस्नी इचारून कळिवतो” म्हणाले. असं म्हणणारे परत येत नाहीत, हे पेणेत शेंबडं पोरही सांगेल.

परतताना इतकं हलकं वाटलं. पाटीचं काय व्हायचं ते होवो.

१२ मे

दिपिकाच्या सगळ्या तारा, कड्या काढल्या. काळुराम म्हणाले, आता ह्ये लोखंड क्याला ठेवता तोंडात? खरंच होतं. ती हात धरून अडवत होती, “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या.” काळुराम बाहेर गेल्यावर म्हणाली, “तुमी असं क्याला सांगितलंत?”

मी म्हटलं, “आभार मानू नकोस. सुटलीस तू.”

ती काढलेल्या कड्यांकडे बघत उठली आणि गेली.

१७ मे, रोहा

अहमदभाई आज वर आले, चपला जिन्यात काढून, म्हणजे गोष्ट गंभीर. “डॉक्टर, बुरा मानू नका. बतूलला आमी मुंबईला नेतो. तिची मामी हाय तिकडं.” मी म्हटलं, बतूलचं एकही निघालेलं नाही, दात रांगेत येतायत. “ते खरं. पन तुमीच बोललात ना जोह्यात, मना आधी समजलं नाय म्हनून. आता पोरीचा चेहरा हाय, मी कसा...” माणूस खरंच अवघडला होता. मी म्हटलं, न्या.

पेणेतही तारेचं विचारायला आलेले दोघे फिरकले नाहीत. रंगाऱ्याकडे निरोप पाठवला, पाटीवरची ती ओळ पुसून दे. त्याने विचारलं, “का वो, खाली नाय बसला शब्द?”

वाईट वाटतंय. जेवण गेलं नाही. पण जोह्यात कुणीतरी कोपऱ्यात बसून डोळे काढतंय, असं मनात आणलं की बरं वाटतं. मृणाली विचारत होती, त्या मुलीशी नंतर बोललात का? म्हटलं, बोलायचं काय उरलंय?

२८ मे

काळुराम आले, पत्रिका घेऊन.

मी पत्रिका हातात धरून उभा. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाची. वरचं नाव वाचलं. चि. सौ. कां. दिपिका. चि. विशाल. आठ जून.

काळुराम पेढा माझ्या हातात कोंबत होते. “तुमचा काय दोष नाय, डॉक्टर. तुमी सरल सांगितलंत ते बरंच झालं. मामानं जाऊन सांगितलं, दात काय सुदरायचे नाय. तर पोरगा आईला बोलला, ऐकलंस ना? आता उपायच नाय म्हनल्यावर कशाला थांबायचं? मना ती तशीच पसंत हाय. आईचं तोंडच बंद झालं. उलटं तीच आता घाई करतेय, पावसाच्या आत उरकून टाका म्हनून.”

मग दाराकडे वळून, “ये गो आत. डॉक्टर, तेवरा तुटलेला दात भरून द्या. लगनाच्या फोटोत बरा दिसंल.” ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

ती खुर्चीत बसली. ओठ भरून आलाय. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. एप्रिलमध्ये विशाल रोह्याला माझ्या खुर्चीत बसून मला तोंडाने सांगून गेला होता की आईचा हट्ट आहे, मला ती तशीच आवडते. मी ऐकलं होतं. मला वाटलं, तो माझ्या कामाबद्दल बोलतोय.

“डॉक्टर,” ती हळू आवाजात म्हणाली, “त्या टिकल्या परत बशिवता का?”

“आता काय उपयोग गं.”

“तुमी सांगा ना, तपासनी चुकली. दात व्हतील सरल. पन येल लागल म्हनावं.”

“ते ऐकणार नाहीत. त्याला तू तशीच हवी आहेस.”

“मना ठावं हाय.” ती वरच्या दिव्याकडे बघत होती. “मी येल मागितला व्हता. मोडायला कोनी सांगितलं व्हतं?”

चूक झाली म्हणालो. या महिन्यात दुसऱ्यांदा म्हणत होतो, आणि पहिल्यांदा खोटं होतं. तिने तोंड उघडलं.

मी दात घासला. आम्ल लावलं, धुतलं, वाळवला. खडूसारखा पांढरा झाला. मग भरायचं मिश्रण थरावर थर लावत तुटलेला कोपरा भरला, घासून शेजारच्या दातासारखा केला. हात जरासुद्धा हलला नाही. इतकं चांगलं काम माझ्याकडून आजवर झालं नव्हतं. आरसा दिला. तिने जीभ फिरवून बघितली, नखाने कड चाचपली, जोर लावून बघितला.

“ह्यो नाय निगनार,” ती म्हणाली आणि पदर नीट करून बापाकडे गेली.